बुधवार, २५:३०

पुणे, ९ जानेवारी २०२५

चि. नम्रता,
अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा येतात आणि विषय संपतो. म्हणून हा पोस्टाचा मार्ग धरलाय. पत्र तू वाचलंस की तसंच कुठे टाकून दिलंस, हे मला इथे बसून कळणार नाही. या वयात ती एक सोयच म्हणायची.

परवा तुझ्या आईचं वर्षश्राद्ध झालं. पौष शुद्ध अष्टमी. गुरुजी, मी आणि स्वयंपाकाला वेणूबाई, एवढीच माणसं. वेणूबाईने आमसुलाची चटणी केली होती, तीत मीठ जास्त पडलं. आई असती तर तिच्या तोंडावर "छान झालीये हो" म्हणाली असती आणि तिची पाठ वळल्यावर मला डोळ्यांनी खुणावलं असतं. मी मुकाट्याने पाणी प्यायलो.

गुरुजींनी विचारलं, "कुठे वारल्या?" म्हटलं, टोरांटोला, लेक-जावयाकडे. बाळंतपणाला गेली होती, तिथे न्यूमोनिया झाला. "म्हणजे बरंच लांब," ते म्हणाले. त्यांच्या लेखी वारज्याच्या पुढे सगळंच बरंच लांब. मी सांगितलं, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. हे अंतर मी स्वतः काढलंय, अक्षांश-रेखांशांवरून. अडतीस वर्षं पंचांगाचं गणित केलेल्या माणसाला एवढं यायलाच हवं. फ्रँकफर्टचं थांबणं धरून विमानाला पंचवीस तास लागतात. हे पत्र मात्र बावीस दिवस घेईल, असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या, आणि वर "नक्की नाही हं" असंही म्हणाल्या.

मग गुरुजी म्हणाले, "तुम्हाला जाता आलं का?" मी म्हटलं, ताप होता. एकशे दोन. ते तुला केदारने तेव्हाच सांगितलं आहे, पुन्हा लिहीत नाही.

ती गेल्यावर फोनवर मी "आता येऊन काय करू" असं म्हणालो, ते तुला लागलं. लागायला नको होतं असं मी म्हणत नाही.

केदार महिन्यातून एकदा ओवीचा, माझ्या नातीचा, फोटो पाठवतो. त्याबद्दल त्याला बोलू नकोस. तिच्या कपाळावरचे केस तुझ्यासारखेच वर उभे राहतात. तुझ्या आईने तेल लावून लावून हात टेकले होते, तूही फार मागे लागू नकोस.

प्रकृतीला जप.

बाबा


पुणे, १४ फेब्रुवारी २०२५

चि. नम्रता,
अ. आ.

उत्तर आलं नाही. मी अपेक्षा केली नव्हती असं लिहिणार होतो, पण रोज अकराला पोस्टमन यायच्या सुमारास मी जिन्यात जाऊन उभा राहतो हे खालच्या मजल्यावरच्या संस्कृतीने पाहिलंय. परवा म्हणाली, "आजोबा, ऑनलाइन ट्रॅक होतं हो ते." म्हटलं, पत्र ट्रॅक होईल, पण उत्तराचं काय? पोरगी हुशार आहे, तिने विषय बदलला.

रविवारी केदारचा फोन आला होता. मी विचारलं, नम्रता काय म्हणते? तो जरा घुटमळला. मी खोदून विचारल्यावर म्हणाला, "बाबा, ती म्हणते, तुम्हाला आईपेक्षा पंचांग मोठं होतं."

हे तू म्हणू शकतेस. नोव्हेंबरात आई एकटी निघाली, कारण पुढच्या वर्षीचं पंचांग छापायला द्यायचं होतं. दोघांचे व्हिसा झाले होते. मी म्हटलं, तू पुढे हो, मी फेब्रुवारीत येतो. विमानतळावर तिला सोडायलाही गेलो नाही, गाडी करून दिली. तिने खिडकीतून हात बाहेर काढून सांगितलं, "गॅस बंद करत जा." एवढंच. मी तिला शेवटचं पाहिलं ते असं.

तुला हेही कळवायला हवं की पंचांग मी सोडलं. गेल्या वर्षी मार्चमध्येच. आमचे मालक श्रीधरपंत दोनदा घरी येऊन गेले. म्हणाले, "तुमच्यासारखा बिनचूक माणूस आम्हाला मिळायचा नाही." मी त्यांना चहा दिला आणि वह्या परत दिल्या. बिनचूक हा शब्द हल्ली मला ऐकवत नाही.

नम्रता, मला ताप नव्हता.

आज एवढंच जमतंय. पाकीट लगेच चिकटवतो, नाहीतर उद्या सकाळी फाडून टाकीन.

बाबा


पुणे, ८ मार्च २०२५

चि. नम्रता,

ते पत्र आता तुझ्या हातात पडलं असेल. ताप नव्हता तर काय होतं, असं तू विचारलं असशील, निदान केदारला. सांगतो. मध्ये थांबवू नकोस, म्हणजे पूर्ण वाच.

गेल्या वर्षी चौदा जानेवारीला, रविवारी, केदारचा फोन आला. "आईंना आयसीयूमध्ये हलवलंय. बाबा, तुम्ही निघाच. बुधवारी रात्री दीडची फ्लाइट आहे, मुंबईहून. तिकीट मेल केलंय." मी वही ओढली आणि लिहून घेतलं: बुधवार, २५:३०.

हे असं का लिहिलं, ते तुला माहीत आहे. लहानपणी याच वहीवर तू रेघोट्या मारल्यास. आमच्याकडे दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि दुसऱ्या सूर्योदयापर्यंत चालतो. मध्यरात्रीनंतर दीड वाजला म्हणून वार बदलत नाही. बुधवारी रात्री झोपताना जो वार असतो, तोच दीड वाजताही असतो, म्हणून आमच्या पंचांगात आम्ही त्याला पंचवीस-तीस लिहितो. अडतीस वर्षं मी तसं लिहिलं. लाखभर लोकांनी माझ्यावर भरवसा ठेवून लग्नं लावली, मुंजी केल्या.

विमानाचा बुधवार मंगळवारी रात्री बारा वाजता सुरू झाला होता. मला मंगळवारी संध्याकाळी घर सोडायला हवं होतं.

तिकिटावर ते स्वच्छ छापलेलं होतं. १७ जानेवारी, ०१:३०. संस्कृतीने छापून आणून दिलं, ते मी न वाचता पासपोर्टात घातलं. वहीत लिहिलेलं असताना तिकीट कशाला वाचायचं, असा आमचा तोरा.

आता जे लिहायचं आहे, ते वर्षभर कोणाला सांगितलं नाही. सोमवारी तू आईला फोन लावून दिला होतास, आठवतं? डॉक्टर बोलू नको म्हणत होते. तरी ती बोलली. म्हणाली, "अहो, बुधवारची दीडची म्हणजे मंगळवारची रात्र ना हो? मी येताना तसंच होतं. एकदा नीट बघा." एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "वार कधी बदलतो ते तू मला शिकवू नकोस, मंदा. तू आराम कर."

ती म्हणाली, "बरं. तुमचं बरोबर असेल."

तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं ते.

मंगळवारी रात्री मी नेहमीसारखा नऊला फोन बंद करून झोपलो. बुधवारी सकाळी, ज्या विमानात मी असायला हवा होतो ते युरोपात शिरलं होतं, तेव्हा मी मंडईजवळच्या दुकानात मेतकूट बांधून घेत होतो. तिला तिथलं जेवण जात नाही असं तू म्हणाली होतीस. दुकानदाराला दोनदा बजावलं, विमानात फुटेल, नीट बांधा. तो म्हणाला, "काका, पहिल्यांदा विमानात बसताय वाटतं?" मी म्हटलं, पहिल्यांदा बसतोय, पण उतरता येईल. तुमच्याकडे रात्र होती, म्हणून दिवसभर फोन केला नाही. फार समजूतदारपणा केला.

संध्याकाळी गाडीने मुंबई. साडेनऊला विमानतळाच्या दाराशी उभा. तिथल्या जवानाने तिकीट पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाला, "अंकल, ये तो कल रात को निकल गई." मी त्याला समजावून सांगायला लागलो की अजून बुधवार संपलेला नाही. दिवस सूर्योदयाला बदलतो. मागे रांग उभी होती. त्याने बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि तिकीट माझ्या हातात परत दिलं.

त्यानंतर मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. साडेसहा तास. केदारला लगेच फोन करायला हवा होता. तो तुमच्या विमानतळावर मला घ्यायला येणार, हे मला माहीत होतं. पण काय सांगणार होतो? पंचांगवाल्याने वार चुकवला? पहाटे चारला त्याचाच फोन आला, "बाबा, तुम्ही बाहेर दिसला नाहीत, कुठे आहात?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ताप आला, पुण्यातच आहे. मागे विमानाची घोषणा चालू होती. त्याने ऐकली असणार. तरी त्याने फक्त "काळजी घ्या" म्हटलं. जावई म्हणून तो फार चांगला मिळाला आहे.

दहाला तुझा फोन आला, आई गेली म्हणून. तू म्हणालीस, "शुक्रवारी अंत्यविधी आहे, या." जागा थेट शनिवारच्या विमानात होती, ती मला शनिवारी पोचवणार होती. ते तुला सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "आता येऊन काय करू?"

पंचांग मला तिच्यापेक्षा मोठं होतं का, तर नव्हतं. माझं बरोबर असणं मोठं होतं. ते पंचांगापेक्षा वाईट.

मला तुझी क्षमा मागायची आहे. तिची मागायची सोय राहिली नाही.

बाबा


टोरांटो, ६ एप्रिल २०२५

बाबा,

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. पहिली दोन मी उघडली नव्हती. तिसऱ्याचं पाकीट ओवीने फाडलं, म्हणून ते वाचलं. मग बाकीची.

मराठीत लिहायची सवय गेलीय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आणि दुरुस्त करून परत पाठवू नका.

तुम्ही तुमच्या बाजूचे तास लिहिलेत. माझ्या बाजूचे मी कोणालाच सांगितलेले नाहीत. केदारलाही अर्धेच माहीत आहेत.

मंगळवारी दुपारी तीनला, म्हणजे विमान सुटायच्या वेळेला, केदारने तुम्हाला फोन लावला. बंद लागला. आम्ही समजलो, बसलात. मी आईला सांगितलं, "बाबा निघाले." तिने मास्क वर केला आणि विचारलं, "मंगळवारीच ना?" म्हटलं, हो. ती इतकी हसली, बाबा. म्हणाली, "म्हणजे ऐकलं माझं. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा." मला काही कळलं नव्हतं ती काय म्हणतेय ते. तुमचं पत्र वाचल्यावर कळलं.

केदारने मोबाइलवर विमानाचा नकाशा लावून दिला होता. छोटं पिवळं विमान, खाली किती किलोमीटर राहिले, किती तास राहिले. आईला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, आणि मास्कमुळे चष्मा बसत नव्हता. मी वाचून दाखवत होते. आता समुद्र. आता इराण. आता तुर्कस्तान. ती मध्येच झोपायची, उठली की पहिला प्रश्न, "कुठवर?" काळा समुद्र आला तेव्हा म्हणाली, "खरंच काळा असतो का गं? त्यांना विचारू आल्यावर, त्यांनी खिडकीतून बघितला असेल." फ्रँकफर्टला म्हणाली, "तिथे चहा मिळेल ना? चार तास चहा नाही मिळाला की डोकं धरून बसतात." डॉक्टर मंगळवारी रात्रीच म्हणाले होते की सकाळपर्यंत कठीण आहे. ती सकाळच काय, पूर्ण बुधवार थांबली. नर्स मला म्हणाली, ही कोणाची तरी वाट बघतेय.

चारला विमान उतरलं. मी तिला सांगितलं, "आले, आता सामान घेतील, तासाभरात इथे." साडेपाचला केदारचा फोन आला. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले. तो म्हणाला, बाबा आलेले नाहीत. पुण्यातच आहेत, ताप आहे म्हणतात.

मी परत आत आले. तिने दाराकडेच बघून विचारलं, "आले?"

खिडकीबाहेर बर्फ पडत होतं. मी म्हटलं, "माझंच चुकलं आई, ते दुसरं विमान होतं. बाबांचं अजून वर आहे. खाली बर्फ आहे, म्हणून उतरू देत नाहीयेत. वरच गोल फिरतंय."

तेव्हापासून पावणेअकरापर्यंत मी तुम्हाला वर फिरवत ठेवलं. सव्वापाच तास. मोबाइल बंद करून टाकला होता, नुसतं तोंडाने सांगत होते. आता सरोवरावर आहेत. आता परत शहरावर. आता अर्ध्या तासात परवानगी मिळेल. ती सारखी खिडकीकडे बघत होती. "घाबरले असतील गं," म्हणाली. "दाखवणार नाहीत, पण घाबरतात ते." नऊच्या सुमाराला तिने माझा हात घट्ट धरला आणि मास्क काढून म्हणाली, "इतका वेळ फिरतंय, पेट्रोल पुरेल ना गं?"

मी म्हटलं, पुरेल आई. खूप असतं त्यात.

त्यानंतर ती काही बोलली नाही.

मला तुमचा राग आला तो तुम्ही आला नाहीत म्हणून नव्हता. "बाबांना ताप आहे" एवढं मी सांगितलं असतं तर ती नुसती हिरमुसली असती, आणि शांतपणे गेली असती. मी तिला तुमचं विमान पडेल या भीतीत मारलं. हे मी रोज स्वतःला म्हणते, आणि ते सहन होत नाही, म्हणून तुमच्यावर ढकलते. तुमचा फोन आला की मला ती खिडकी दिसते. म्हणून उचलत नव्हते.

क्षमा करायची की नाही, मला माहीत नाही. तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून मीही लिहिलं.

ओवी आता धावते. केस तसेच उभे आहेत.

नम्रता


पुणे, २ मे २०२५

नम्रता,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. आधी तीनदा लिहायला बसलो आणि उठलो. एकही चूक नाही तुझ्या मराठीत. असती तरी मला दिसली नसती.

तू तिला भीतीत मारलं नाहीस. हे मी तुझी समजूत घालायला म्हणत नाही, तिच्याबरोबर एक्केचाळीस वर्षं काढली म्हणून म्हणतो. ती माझी काळजी करत गेली. मी घरात असलो तरी ती तेच करायची, मंडईतून यायला उशीर झाला तरी तेच. हिरमुसून भिंतीकडे तोंड करून जाण्यापेक्षा तिने हेच निवडलं असतं. आणि माझं विमान येणार आहे म्हणून ती एक आख्खा दिवस जास्त जगली, तो दिवस तिला तू दिलास. मी तर तिला तोही दिला नव्हता. तू पुन्हा कधी स्वतःला तसं म्हणू नकोस. मी बाप म्हणून सांगतो आहे, आणि या बाबतीत माझं ऐक.

आता माझी एक गोष्ट राहिली आहे. ती मागच्या पत्रात मी गाळली होती. तुझं पत्र वाचल्यावर ती ठेवून घेणं शक्य नाही.

पहाटे चारला केदारशी खोटं बोलून मी फोन ठेवला आणि साडेचारची पुण्याची बस धरली. बसमध्ये मला रडू आलं नाही. मला झोप लागली. गाढ. घाट गेला, लोणावळा गेलं, जाग आली नाही. पुण्यात शिरताना, वाकडला, ड्रायव्हरने खांदा हलवून उठवलं तेव्हा आठ वाजले होते. मी तुमच्या घड्याळाशी वेळ लावून पाहिली, नम्रता. तू मला वर फिरवत होतीस, ती खिडकीकडे बघत होती, माझं पेट्रोल पुरेल की नाही याचा तिला घोर लागला होता, आणि मी झोपलो होतो.

हे तुला कळल्याशिवाय तुझ्या दारात उभं राहणं मला बरोबर वाटत नाही. आता लपवण्यासारखं माझ्याकडे काहीही उरलेलं नाही.

नोव्हेंबरात तिने बोलावलं तेव्हा मी आलो नाही, जानेवारीत तू बोलावलंस तेव्हा पोचलो नाही, आणि त्यानंतर कोणी बोलावलं नाही. तेव्हा मीच विचारतो. आधीच्या तिन्ही पत्रांत हेच विचारायचं होतं, धीर झाला नाही.

मी येऊ का?

बाबा